पवित्र आठवड्याचे बिशप : यरुशलेमचे संत सिरिल



आज झावळ्यांचा रविवार. आशीर्वादित झावळ्या हातात घेऊन आपण मिरवणुकीने देवळात आलो. येत्या गुरुवारी रात्री आपण प्रभूसोबत जागरण करू, शुक्रवारी रांगेने पुढे जाऊन पवित्र क्रूसाचे चुंबन घेऊ आणि शनिवारी रात्री पास्काची मेणबत्ती पेटवू. हे विधी आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की ते कुठून आले, असा प्रश्न सहसा मनात येत नाही. यातील बरेच काही यरुशलेम नगरीतून जगभरच्या ख्रिस्तसभेत पसरले. तेथे या विधींना जे रूप आले ते चौथ्या शतकात, आणि त्या शतकातील अनेक वर्षे तेथील बिशप होते संत सिरिल. त्यांचा सण १८ मार्चला येतो. तो बहुतेक वेळा प्रायश्चित्तकाळातच पडत असल्यामुळे गाजावाजा न होता निघून जातो. म्हणून या आठवड्याच्या तोंडावर त्यांची ओळख करून घ्यावी, असे आम्हाला वाटले.

आणखी एक कारण आहे. दरवर्षी या दिवसांत उपवासाविषयी तेच ते प्रश्न आमच्याकडे येतात. शुक्रवारी चहा चालेल का? आई मधुमेहाची गोळी घेते, तिने काय करावे? काहींचा सूर थोडा वेगळा असतो. आम्ही चाळीस दिवस मांसमच्छी सोडली, शेजारच्या घरी मात्र शुक्रवारीही कालवणाचा वास येतो, अशी तक्रार असते. सगळ्या धर्मग्रामाने मिळून करायचा उपवास अशा वेळी घराघरांत आणि माणसामाणसांत भिंत उभी करतो. संत सिरिल यांच्या यरुशलेममध्ये ही अडचण होतीच. ती त्यांनी कशी हाताळली, ते पाहण्यासारखे आहे.

प्रवचनकार धर्मगुरू

सिरिल यांचा जन्म इ. स. ३१५ च्या सुमारास झाला. त्यांच्या बालपणी यरुशलेमचे रूपच बदलत होते. रोमन सम्राटांनी या शहराचे नावसुद्धा पुसून टाकले होते आणि प्रभूच्या कबरीच्या जागी देवीचे मंदिर उभे होते. सम्राट कॉन्स्टंटाइन यांनी ते हटवून तेथे भव्य महामंदिर बांधले. इ. स. ३३५ मध्ये त्याचे अर्पण झाले. एका बाजूला कबरीवरील पुनरुत्थान मंदिर, मध्ये कालवारीचा खडक असलेले उघडे अंगण आणि दुसऱ्या बाजूला मोठे सभामंदिर, अशी त्याची रचना होती. सिरिल तेव्हा विशीत होते. पुढे याच मंदिरात ते धर्मगुरू झाले आणि इ. स. ३५० च्या सुमारास बिशप झाले.

त्यांचे नाव आजवर टिकले ते त्यांच्या प्रवचनांमुळे. त्या काळी बहुतेक लोक वयात आल्यावर स्नानसंस्कार घेत आणि तो पास्काच्या रात्री होई. त्याआधी प्रायश्चित्तकाळभर त्यांची तयारी चाले. सिरिल यांनी या उमेदवारांना दिलेली प्रवचने कोणीतरी ऐकता ऐकता उतरवून घेतली. एक प्रास्ताविक आणि अठरा प्रवचने आज उपलब्ध आहेत. स्नानसंस्कारानंतरची आणखी पाच प्रवचने त्यांच्या नावावर आहेत. काही अभ्यासक ती त्यांचे उत्तराधिकारी योहान यांची मानतात.

या प्रवचनांतून त्यांचा स्वभाव कळतो. ते श्रोत्यांना फार फसू देत नाहीत, पण हाकलूनही देत नाहीत. कोणी एखाद्या स्त्रीला खूश करण्यासाठी आला असेल, कोणी धन्याच्या मर्जीसाठी, कोणी मित्राच्या आग्रहाखातर, हे ते उघड बोलून दाखवतात. पण जाळ्यात आलाच आहेस तर थांब, देव तुला तारण्यासाठीच धरतो आहे, असा त्यांचा रोख असतो.

चौथ्या प्रवचनात उपवासाचा विषय येतो. उमेदवार मांस व मद्य सोडून उपवास करत होते. त्या काळी काही पंथ मांस आणि मद्य मुळातच अपवित्र मानत. सिरिल तसे मानत नाहीत. अन्न देवाने निर्माण केले आहे, ते वाईट नाही. आपण अधिक मोलाच्या गोष्टीसाठी ते काही काळ बाजूला ठेवतो, अशी त्यांची शिकवण होती. लगेच ते पुढची गोष्ट सांगतात : शरीर अशक्त आहे म्हणून जे खातात त्यांना तुच्छ मानू नका आणि पोटाच्या तक्रारीसाठी जो थोडा द्राक्षारस घेतो त्याला दोष देऊ नका. उपवासाची शिकवण आणि दुसऱ्याचे ताट न मोजण्याची शिकवण त्यांनी एकाच श्वासात दिली.

दुष्काळ आणि हद्दपारी

बिशप झाल्यावर काही वर्षांतच यरुशलेमच्या परिसरात दुष्काळ पडला. भुकेलेले लोक बिशपांच्या दाराशी येऊ लागले. धान्य विकत घ्यायला तिजोरीत पैसे नव्हते. तेव्हा सिरिल यांनी देवळातील मौल्यवान वस्तू आणि वस्त्रे विकून लोकांना अन्न दिले. पाचव्या शतकातील इतिहासकार सोझोमेन यांनी याविषयी एक गोष्ट नोंदवली आहे. एका भाविकाने वेदीसाठी एक वस्त्र अर्पण केले होते. एके दिवशी रंगमंचावरील एका नटीच्या अंगावर त्याला ते दिसले. चौकशी केल्यावर एका व्यापाऱ्याने ते तिला विकल्याचे आणि त्या व्यापाऱ्याला ते बिशपांकडून मिळाल्याचे कळले.

ही गोष्ट सिरिल यांच्या विरोधकांना आयतीच सापडली. त्यांत पुढे होते कैसरियाचे बिशप अकाशियस. त्या प्रांतात कैसरियाचा मान वरचा होता, तर यरुशलेम ही प्रभूच्या दुःखसहनाची नगरी म्हणून तिला वेगळा सन्मान होता. मोठे कोण, हा दोघांमधला वाद. त्यात अकाशियस एरियसपंथी होते. प्रभू येशू ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा देव आहे, हे त्यांना मान्य नव्हते. इ. स. ३५७ मध्ये सिरिल यांना पदावरून दूर करण्यात आले. देवळाची मालमत्ता विकणे हाही त्यांच्यावरील एक आरोप होता. ते तार्सस येथे गेले. तेथील बिशप सिल्वानस यांनी त्यांना आसरा दिला आणि लोक त्यांची प्रवचने आवडीने ऐकू लागले.

दोन वर्षांनी सेल्युकिया येथील धर्मपरिषदेने त्यांना पुन्हा पद दिले, पण पुढच्याच वर्षी ते काढून घेण्यात आले. सम्राट बदलला तसे ते परत आले. इ. स. ३६७ मध्ये सम्राट वॅलेन्स यांच्या हुकमाने त्यांना तिसऱ्यांदा जावे लागले आणि या वेळी अकरा वर्षे त्यांना आपली नगरी दिसली नाही. बिशपपदाच्या सुमारे पस्तीस वर्षांपैकी जवळजवळ सोळा वर्षे त्यांनी हद्दपारीत काढली. म्हणजे कितीतरी पवित्र आठवडे त्यांना आपल्या लोकांपासून दूर राहून पाळावे लागले. प्रभूच्या कबरीपाशी उभे राहून बोलण्याचा ज्यांचा अधिकार, त्यांनाच कबरीपासून दूर राहावे लागले.

इ. स. ३७८ मध्ये वॅलेन्स युद्धात मारले गेले आणि सिरिल कायमचे परत आले. तेव्हा त्यांची साठी उलटली होती. त्यांना मिळालेले शहर काही पावन वगैरे नव्हते. त्याच सुमारास नीस्साचे संत ग्रेगरी यरुशलेमला जाऊन आले आणि फार व्यथित झाले. या पवित्र भूमीवर चोरी, व्यभिचार आणि खूनही होतात, ख्रिस्ती लोक गटागटांत विभागले आहेत, असे त्यांनी लिहून ठेवले. एकमेकांवर विश्वास उरलेला नव्हता. खुद्द सिरिल यांच्या श्रद्धेवरही काही जण संशय घेत होते, कारण तरुणपणी त्यांनी वादातले काही शब्द वापरायचे टाळले होते. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल येथील धर्मपरिषदेला ते उपस्थित होते. पुढच्या वर्षी तेथे जमलेल्या बिशपांनी ते यरुशलेमचे रीतसर बिशप आहेत आणि श्रद्धेसाठी त्यांनी खूप सोसले आहे, असे लेखी कळवले.

एका यात्रेकरू स्त्रीची वही

या शेवटच्या वर्षांत सिरिल यांच्या देवळात पवित्र आठवडा कसा पाळला जात असे, हे आपल्याला एका स्त्रीमुळे कळते. तिचे नाव एजेरिया. ती पश्चिमेकडून, बहुधा स्पेनच्या बाजूने आली होती आणि इ. स. ३८१ ते ३८४ या काळात पवित्र भूमीत राहिली. घरी असलेल्या आपल्या भगिनींसाठी तिने सारे काही बारकाईने लिहून काढले. तिच्या लिखाणाची सुरुवात आणि शेवट हरवला आहे. उरलेला भाग इ. स. १८८४ मध्ये इटलीतील अरेझ्झो येथील एका ग्रंथालयात सापडला. बिशपांचे नाव ती लिहीत नाही, पण ती वर्षे सिरिल यांचीच आहेत.

प्रायश्चित्तकाळ तेथे आठ आठवड्यांचा होता. रविवारी उपवास नसे आणि शनिवारीही नसे, फक्त पास्काच्या आदल्या शनिवारी असे. उपवासाचे एकूण एकेचाळीस दिवस होत. भाकरी, तेल, फळे यांपैकी काही खात नसत. पाणी आणि पिठाची पातळ लापशी, आपल्याकडच्या पेजेसारखी, एवढेच घेत. काही जण रविवारी जेवले की थेट पुढच्या शनिवारी सकाळीच जेवत. ज्यांना ते जमत नसे ते आठवड्याच्या मध्ये एकदा जेवत, काही दोनदा, तर काही रोज संध्याकाळी. एजेरियाने यापुढे जे नोंदवले आहे ते आपण नीट लक्षात घ्यावे. कोणी किती करायचे याची सक्ती नव्हती. ज्याला जेवढे झेपेल तेवढे तो करी. जास्त करणाऱ्याची स्तुती होत नसे आणि कमी करणाऱ्याला बोल लावला जात नसे. तेथील रीतच तशी होती.

तीसपेक्षा जास्त वर्षांपूर्वी स्नानसंस्काराच्या उमेदवारांना दिलेली शिकवण आता त्या नगरीची रीत झाली होती. हे एकट्या सिरिल यांचे श्रेय आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याही आधी, तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाचे बिशप संत डायोनिसियस यांनी या आठवड्याविषयी लिहिले होते. कोणी सहाही दिवस काही न खाता राहतात, कोणी चार, कोणी तीन, कोणी दोन, तर कोणी एकही दिवस नाही, हे त्यांनी मान्य केले होते. पण सिरिल यांनी ही जुनी समज फुटलेल्या नगरीत रुजू ठेवली, हे विशेष.

उपवास ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे होता, प्रार्थना मात्र सर्वांनी मिळून करायची होती. झावळ्यांच्या रविवारी दुपारी सारे लोक जैतून डोंगरावर जमत. संध्याकाळी पाचच्या सुमारास शुभवर्तमानाचे वाचन झाले की बिशपांसोबत पायी खाली उतरत. सगळ्यांच्या हातात खजुराच्या किंवा जैतुनाच्या फांद्या असत. चालता न येणारी बाळे आईबापांच्या खांद्यावर असत. म्हाताऱ्या माणसांना दम लागू नये म्हणून मिरवणूक अगदी हळू चाले. बुधवारी यहूदाने प्रभूला विकल्याचा भाग वाचला की मंदिरभर हुंदके ऐकू येत.

गुरुवारी दुपारी मिस्सा होई. त्यानंतर कालवारीच्या खडकामागे आणखी एक मिस्सा होई, आणि त्या जागी वर्षातून फक्त त्या एकाच दिवशी मिस्सा अर्पण केली जाई. लोक घरी जाऊन थोडे खात आणि धावतच पुन्हा जैतून डोंगरावर येत. रात्रभर गीते, वाचने आणि प्रार्थना चालत. कोंबडा आरवण्याच्या वेळी प्रभूने प्रार्थना केली त्या जागी आणि तेथून गेथसेमनी बागेत लोक उतरत. उपवासाने आणि जागरणाने सर्वांचे पाय जड झालेले असत, उतरण मोठी असे, म्हणून या वेळीही चाल मंदच असे. वाट दिसावी म्हणून दोनशेहून जास्त मेणबत्त्या पेटवलेल्या असत. प्रभूला अटक झाल्याचे वाचन होई तेव्हा लोकांचा आक्रोश थेट शहरापर्यंत ऐकू जाई. पहाटे माणसाला माणूस ओळखू येऊ लागे तेव्हा सारे वेशीवर पोहोचत. श्रीमंत, गरीब, म्हातारे, तरुण, कोणी मध्येच निघून गेलेले नसे. कालवारीपाशी आल्यावर बिशप लोकांना धीर देत आणि थोडा वेळ घरी जाऊन विसावा घ्या म्हणून सांगत.

शुक्रवारी सकाळी आठ वाजल्यापासून क्रूसवंदना सुरू होई. बिशप आसनावर बसत, पवित्र क्रूसाचे लाकूड मेजावर ठेवून दोन्ही हातांनी धरून ठेवत आणि डीकन सभोवती पहारा देत. कारण पूर्वी कोणीतरी चुंबन घेताना दाताने तुकडा तोडून नेला होता! लोक एकामागून एक येत, वाकून कपाळ आणि डोळे लाकडाला टेकवत, चुंबन घेत आणि पुढे जात. हे दुपारी बारापर्यंत चाले. साठी ओलांडलेले, रात्रभर लोकांबरोबर चाललेले, तीन वेळा हद्दपार झालेले बिशप चार तास असे बसलेले आपण डोळ्यांसमोर आणावेत. बारा ते तीन उघड्या अंगणात, ऊन असो वा पाऊस, दुःखसहनाची वाचने होत. त्या रात्री पुन्हा कबरीपाशी जागरण असे, पण लोक थकलेले आहेत हे जाणून त्याचे आमंत्रण कोणाला दिले जात नसे. ज्यांच्या अंगात ताकद असे ते थांबत.

विधी ग्रीक भाषेत होत. ज्यांना फक्त अरामी समजे त्यांच्यासाठी एक धर्मगुरू लगेच भाषांतर करून सांगत, आणि लॅटिन बोलणाऱ्यांनाही कोणी ना कोणी समजावून देई. कोणी भाषेमुळे मागे राहू नये, कोणी वयामुळे मागे राहू नये, कोणी आजारपणामुळे खाली मान घालू नये, अशी सारी व्यवस्था होती.

संत सिरिल इ. स. ३८६ च्या सुमारास मरण पावले. पोप लिओ तेरावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून मान दिला.

आपला आठवडा

आज ख्रिस्तसभेचा नियम तसा सोपा आहे. राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्वांना तो लागू आहे. मांसवर्जन १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी आहे. आजारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांनी प्रकृतीला धक्का लावू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र शुक्रवारचा उपवास शक्य असेल तेथे शनिवारीही चालू ठेवावा, म्हणजे मोकळ्या मनाने पुनरुत्थानाच्या आनंदाकडे जाता येईल, असे सुचवले आहे.

नियम एवढाच असताना आपल्याकडे तुलना कुठून येते? आम्हाला वाटते, उपवास ही आपली कमाई आहे असे आपण धरून चालतो आणि कमाई म्हटली की माणूस शेजाऱ्याची मोजू लागतो. उपवास ही भूक आहे. आठवडाभर उपाशी राहणारा आणि रोज संध्याकाळी पेज पिणारा, दोघेही त्याच प्रभूसाठी भुकेले होते आणि पहाटे एकाच उतरणीवर एकमेकांचा हात धरून चालत होते. पवित्र आठवड्यात आपण एकत्र उपवास करतो याचा अर्थ सर्वांनी सारखेच उपाशी राहावे असा नाही. सर्वांनी मिळून वाट पाहावी, असा आहे.

म्हणून या आठवड्यासाठी तीन विनंत्या. पहिली, कोणी किती उपवास केला हे विचारू नका आणि आपला सांगू नका. औषध घेणाऱ्या आईला घरातल्यांनीच वेळेवर जेवू घाला. दुसरी, उपवासामुळे जे पैसे वाचतील ते घरातच राहू देऊ नका. भुकेल्यांसाठी वेदीचे वस्त्र विकणाऱ्या संताचा हा आठवडा आहे. मदतीच्या पेटीत किंवा तुम्हाला ठाऊक असलेल्या गरजू घरी ते पोहोचवा. तिसरी, ज्या घराशी बोलणे बंद आहे त्या घरातले कोणी शुक्रवारी क्रूसवंदनेच्या रांगेत तुमच्या पुढे किंवा मागे असेल. तेव्हा रांग बदलू नका.

आणि चालताना हळू चाला. सिरिल यांच्या मिरवणुकीत सर्वांत थकलेल्या माणसाच्या पावलाने सारी नगरी चालत होती.

दुःख सोसून पुनरुत्थित झालेला प्रभू तुम्हा सर्वांना आणि तुमच्या कुटुंबांना आशीर्वाद देवो. पवित्र आठवडा सर्वांना कृपादायी होवो.

तुमचे धर्मगुरू